दस्त्याचे लाकूड : पारोळा परिसरातील ठासणीच्या बंदुका आणि त्यांची डागडुजी

ठासणीच्या बंदुकीत लोखंडाआधी लाकूड जाते. नळीवर गंज चढला तरी ती दीडशे-दोनशे वर्षे उभी राहते. चाप झिजला तर लोहार नवा घडवून देतो. पण ज्या लाकडावर हे सारे लोखंड बसवलेले असते, तो दस्ता उन्हाने तडकतो, पावसाळ्यात फुगतो, त्याला वाळवी लागते आणि बंदूक हातातून निसटून दगडावर पडली की तो नेमका मानेत मोडतो. त्यामुळे जुन्या बंदुकीत नळी एका पिढीची आणि दस्ता दुसऱ्या पिढीचा असणे ही नेहमीची गोष्ट आहे. खानदेशात वापरात राहिलेल्या बंदुकांचा विचार करताना नळीवरची नक्षी आणि चापावरची अक्षरे सगळे पाहतात. ती बंदूक पुढे इतकी वर्षे ज्याने चालती ठेवली, त्या सुताराचे काम मात्र दस्त्यावर असते आणि तिकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडाकडून भरायची बंदूक. नळीत आधी दारू ओतायची, तिच्यावर बोळा, मग गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक थर गजाने ठासून बसवायचा. पेट देण्याच्या तऱ्हेवरून तिचे प्रकार पडतात. जळत्या दोरीने, म्हणजे तोड्याने किंवा जामगीने, रंजकाला, म्हणजे पेट देणाऱ्या दारूला, आग लावणारी ती तोड्याची बंदूक. गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी ती चकमकीची आणि तांब्याची टोपी फोडणारी ती टोपीची. तिन्ही प्रकारांत नळीला धरून ठेवणारे आणि खांद्याला टेकणारे लाकूड असतेच. त्याला मराठीत दस्ता किंवा कुंदा म्हणतात. दोन्ही शब्द फारसीतले. दस्ता म्हणजे मूठ आणि कुंदा म्हणजे लाकडाचा ठोकळा. बंदुकीच्या या भागात मूठही आहे आणि ठोकळाही, त्यामुळे दोन्ही नावे त्याला शोभतात. खांद्याला टेकणारा रुंद भाग आणि नळीखालचा लांब भाग यांच्यामध्ये हाताने पकडायची बारीक जागा असते. तिला या लेखात मान म्हटले आहे. डागडुजीच्या इतिहासाचा निम्मा भाग या बोटभर जाडीच्या मानेभोवतीच घडला.

पारोळा हे धुळे-जळगाव वाटेवरचे, बोरी नदीच्या खोऱ्यातले गाव. हरी सदाशिव दामोदर या जहागीरदाराने १७२७ साली येथे भुईकोट बांधला असे मानले जाते, आणि त्यानंतर लहानशा खेड्याचे तटबंदीचे नांदते गाव झाले. हे घराणे नेवाळकरांचे. मूळ कोकणातले, पुढे खानदेशात स्थिरावलेले. याच घराण्यातले रघुनाथ हरी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाशीचे सुभेदार झाले आणि पुढे राणी लक्ष्मीबाईंचे सासर म्हणून हे घराणे सर्वांना ठाऊक झाले. पारोळ्याचा कोट सपाट रानात उभा आहे. डोंगरी किल्ल्याला कड्याचे संरक्षण असते, भुईकोटाला खंदक, बुरूज आणि तटातल्या जंग्यांवर विसंबावे लागते. जंगी म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढण्यासाठी तटात ठेवलेले तिरपे भोक. अशा कोटाची राखण मुख्यतः बंदुकीवर चालते. जंगीच्या दगडी कडेवर लांब नळीची बंदूक रोज घासली की सर्वांत आधी झिजते ते नळीखालचे लाकूड.

मराठी राज्यात शस्त्रे ठेवण्याचा आणि सांभाळण्याचा स्वतंत्र कारखाना असे, त्याचे नाव शिलेखाना. मोठ्या ठिकाणी तेथे लोहार, सुतार आणि शिकलगार कामाला असत. शिकलगाराचे काम पात्यांना आणि नळ्यांना उजाळा देण्याचे. लाकडाला तो हात लावत नसे. खानदेशातल्या लहान गढ्यांवर आणि ठाण्यांवर असा बंदोबस्त नसे. तेथे शिबंदीचा शिपाई बहुतेक वेळा स्वतःची बंदूक घेऊन चाकरीला येई. अठराव्या शतकाच्या शेवटी खानदेशात अरब शिपायांचा भरणा मोठा होता. बारीक, लांब नळीची तोड्याची बंदूक ही त्यांची ओळख. वापरात नसताना जामगीची दोरी ते दस्त्याभोवती गुंडाळून ठेवत. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४चा दुष्काळ आला आणि पुढची पंधरा वर्षे गावोगाव गढी धरून बसलेल्या शिबंद्यांची होती. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेरला आणि त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावला इंग्रजांशी जे झगडे झाले, त्यांत समोरून झालेला मारा मुख्यतः याच शिबंदीच्या बंदुकांचा होता. इतकी वर्षे सततच्या वापरात असलेली हत्यारे मोडल्यावर दुरुस्तीला आगऱ्याच्या किंवा पुण्याच्या कारखान्यात जाणे शक्यच नव्हते. ती गावातल्या सुताराच्या ओट्यावर येत.

सुताराला ही बंदूक परकी वाटत नसे, आणि त्याचे कारण तिच्या बांधणीत आहे. देशी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ असतो. नळी त्याच्या पन्हळीत नुसती ठेवलेली असते आणि चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा पितळी-चांदीच्या पट्ट्यांनी जागोजाग बांधलेली असते. पेट देणारा साप, म्हणजे जामगी धरणारा लोखंडी आकडा, दस्त्याच्या खाचेतून वर येतो. त्याची तरफ लाकडाच्या पोटात असते आणि दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या खिळवून ती जागा मजबूत केलेली असते. म्हणजे या बंदुकीत मान सुरुवातीपासूनच लोखंडाच्या दोन पट्ट्यांमध्ये धरलेली आहे. बंध सोडले की नळी हातात येते आणि लाकूड मोकळे होते. ज्याने बैलगाडीची जुंपणी बांधली-सोडली आहे, त्याला ही रचना एका नजरेत कळते. दस्ता पुरा निकामी झाला तर नवा कोरून त्याच पट्ट्या आणि तेच बंध पुन्हा चढवता येतात.

इंग्रजी बंदूक तशी नव्हती. कंपनीच्या फौजेत आलेली चकमकीची बंदूक ३९ इंची नळीची, पाऊण इंच व्यासाची आणि साडेचार किलोच्या आसपास वजनाची असे. तिचा दस्ता अक्रोडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेला, खांद्यापासून थेट नळीच्या तोंडाजवळपर्यंत. नळीच्या पोटाला डकवलेल्या लहान कड्यांतून आडव्या बारीक खुंट्या लाकडातून आरपार जात आणि त्या नळीला धरून ठेवत. चाप, घोडा आणि कमान यांचे सगळे यंत्र एका पट्टीवर बसवून ती पट्टी लाकडात नेमकी कोरून बसवलेली असे. नळीच्या बुडाला मागे निघालेली लोखंडी शेपटी मानेवर टेके आणि तिच्यातून एक पेच खाली चापाच्या पट्टीपर्यंत उतरे. परिणामी मानेपाशीच लाकूड सर्वांत जास्त पोखरलेले असे. एका बाजूला यंत्राची खोली, वर शेपटीची खाच, खाली चापाची फट, मधून पेचाचे भोक. उरते ते अंगठ्याएवढे लाकूड, आणि धडाक्याचा सगळा जोर त्यातून खांद्याकडे जातो.

मान का मोडते हे समजण्यासाठी लाकडाच्या रेषा पाहाव्या लागतात. लाकूड रेषांच्या दिशेने लवचीक आणि बळकट असते, रेषांच्या आडवे मात्र फळी फाटावी तसे फाटते. नळी सरळ आणि खांद्याचा भाग खाली झुकलेला, म्हणून सरळ फळीतून कोरलेल्या दस्त्यात रेषा मानेच्या वाकाबरोबर वळत नाहीत. त्या मानेच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेकडे तिरप्या बाहेर पडतात. बंदूक पडली, किंवा झटापटीत दस्त्याने तडाखा दिला, की फाट त्या तिरप्या रेषेवरून धावते. जुन्या दस्त्यांवर ही फाट जवळजवळ ठरावीक जागी सापडते. शेपटीच्या पेचापासून निघून चापाच्या मागच्या टोकाला मिळणारी तिरपी रेघ.

पडणे हे एकच कारण नव्हे. नळीचे बूड लाकडाला जेथे टेकते तेथे पोकळी राहिली, तर धडाक्याच्या वेळी नळी केसभर मागे सरकते. मग सारा धक्का शेपटीवर आणि तिच्या पेचावर येतो आणि पेच पाचरीसारखा मान चिरत जातो. आधी शेपटीच्या मागे नखाएवढी भेग दिसते. शे-दोनशे बार झाल्यावर ती बोटभर होते. पेच आवळल्याने ही भेग थांबत नाही, उलट वाढते. जाणता कारागीर म्हणून भेगेकडे आधी पाहत नाही. नळी उचलून तो बुडाखालचे लाकूड तपासतो.

त्यात खानदेशची हवा. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की गाडीच्या चाकाच्या पाट्या सैल पडतात. आषाढात तीच हवा ओलीचिंब होते. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. आडवे मात्र आटते, आणि खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने सर्वांत जास्त. ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत अक्रोड त्या दिशेने शंभरात सात-आठ भाग आटतो, साग पाचाच्या आसपास. इंग्लंडच्या दमट हवेत मुरलेल्या अक्रोडाचा दस्ता तापी खोऱ्याच्या वैशाखात आला की नळीच्या पन्हळीच्या पातळ भिंती आत ओढल्या जातात. लोखंड हलत नाही, म्हणून लाकूड तडकते. नळीखालच्या खुंट्यांच्या भोकांतून निघालेल्या बारीक उभ्या भेगा बहुधा अशा असतात. त्या कोणाच्या निष्काळजीपणाच्या खुणा नाहीत, हवेच्या आहेत.

जळक्या दारूची राख ओल ओढते. रंजकाच्या कानाजवळ ती लाकडात मुरत गेली की तो भाग काळा, मऊ आणि कोळशासारखा ठिसूळ होतो. गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूडही असेच काळे पडून सुटते. मातीच्या भिंतीत खुंटीला टांगून ठेवलेल्या बंदुकीला वाळवी लागते ती दस्त्याच्या टाचेकडून, आणि बाहेरची कातडी शाबूत ठेवून आतला गर खाते. ठोकून पाहिल्यावर भोपळ्यासारखा पोकळ आवाज आला तर दुरुस्तीचा विचार सोडावा लागतो.

नव्या दस्त्यासाठी अक्रोड मिळण्याचा प्रश्नच नव्हता, ते झाड हिमालयाच्या पट्ट्यातले. खानदेशच्या सुताराला सातपुड्यातून आणि पश्चिमेच्या रानांतून येणारे लाकूड होते. साग सरळ, तेलकट, वाळवीला दाद न देणारा आणि कमी आटणारा. पण पातळ केला की रेषेवर चटकन फाटतो आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार जाते. शिसव त्याहून जड, कणखर, गर्द जांभळट-तपकिरी. आटण्यात सागासारखाच शांत, आणि घासून तेल दिले की आरशासारखा चमकतो. दस्त्यासाठी या भागात याच्याइतके योग्य लाकूड दुसरे नाही. तिवस चिवट. गाडीची चाके आणि शेतीची अवजारे त्याची होत आणि धक्का सोसण्यात तो अव्वल. अंजन हे खानदेशच्या उजाड माळाचे झाड. त्याचे लाकूड इतके घट्ट की पाण्यात टाकले तर बुडते. खांब, वासे आणि अवजारे यांना ते उत्तम, पण दस्त्याला वापरले तर बंदूक खांद्यावर वागवणाऱ्याची दमछाक करील. बाभूळ दारोदार मिळणारी आणि चिवट. मात्र नीट मुरली नाही तर पिळते, आणि तिच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा लागतो.

बाभळीत एक गुण असा आहे की तो सुतारच ओळखतो. तिच्या फांद्या वाकड्या वाढतात आणि वाकाबरोबर रेषाही वळतात. नांगराचे खोड सुतार सरळ ओंडक्यातून कापत नाही, त्या वाकाचे लाकूड रानात हेरून आणतो, कारण वाकावर रेषा तुटल्या तर नांगर पहिल्याच ढेकळात मोडतो. बंदुकीच्या मानेचा प्रश्न नेमका हाच आहे. ज्याने जन्मभर नांगर घडवले त्याला मानेत रेषा कशा धावल्या पाहिजेत हे शिकवावे लागत नाही. फांदी आणि खोड मिळतात त्या जागेतून काढलेला ओबडधोबड बाभळीचा दस्ता दिसायला अक्रोडाच्या पासंगालाही पुरत नाही, पण मानेत तो त्या परदेशी दस्त्यापेक्षा उशिरा मोडतो.

मोडलेली मान जोडण्याची जुनी रीत अशी. फाट नवी असेल तर ती कोरडी आणि स्वच्छ असते आणि दोन्ही बाजूंचे तंतू एकमेकांत परत बसतात, म्हणून तिला तेलकट हात लागू द्यायचा नाही. सरस, म्हणजे कातडी आणि हाडे उकळून काढलेला डिंक, पाण्यात भिजवून मंद आचेवर पातळ करायचा. फाट किंचित उघडून गरम सरस आत मुरवायचा आणि सुतळीने घट्ट आवळून दोन दिवस सावलीत ठेवायचे. सरसाची पकड लाकडाच्या तंतूंइतकी मजबूत होते. दोष एकच, पाणी. मृगाच्या ओलीत सरस मऊ पडतो. म्हणून नुसत्या सरसावर कोणी विसंबत नसे, त्यावर बाहेरून बंध घातला जाई.

बंधांत सर्वांत सोपा आणि बहुधा सर्वांत शहाणपणाचा म्हणजे कच्च्या कातड्याची वादी. न कमावलेले कातडे रात्रभर पाण्यात भिजवले की ते ओल्या कापडासारखे लवते. बोटभर रुंदीची लांब वादी कापून मानेभोवती एकावर एक कड चढवत गुंडाळायची, किंवा रुंद तुकडा चढवून खालच्या अंगाला त्याच कातड्याच्या बारीक दोऱ्याने शिवायचा. कातडे सुकते तसे आटते आणि फाट अशी आवळते की सुताराच्या शिकंज्यालाही ते साधणार नाही. सुकलेले कातडे शिंगासारखे टणक आणि पिवळसर पारदर्शक दिसते. हाताच्या घामाने आणि तेलाने ते पुढे काळे-तपकिरी होत जाते. हीच जागा मुठीची असल्याने पकडही सुधारते. लाकूड फुगले-आटले तरी कातडे थोडे देते-घेते. लोखंडी बंधाला हे जमत नाही.

दुसरी रीत पत्र्याची. पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा, मानेच्या आकाराला ठोकून बसवायचा आणि कडेने बारीक चुका मारायच्या. काम नेटके दिसते, आणि पितळ घासून चकचकीत ठेवता येते म्हणून मालकालाही आवडते. पण चुकांची रांग लाकडाच्या एकाच रेषेवर मारली तर ती रांगच नवी फाट होते. कुशल हात चुका नागमोडी मारतो. तिसरी रीत तारेची, जवळजवळ वेढे देऊन टोके आत खुपसायची. याशिवाय फाटेला आडवी, म्हणजे रेषांना काटकोनात, सामत्याने भोके पाडून त्यांत बांबूच्या किंवा शिसवाच्या खुंट्या सरसासकट ठोकण्याची रीतही होती. ही खुंटी बाहेरून दिसत नाही, डोके घासून सपाट केल्यावर तिथे मुगाएवढा गोल ठिपका तेवढा उरतो.

नळीखालचा पुढचा भाग मोडला तर नवा दस्ता करण्याची गरज नसते. कुजलेला भाग तिरपा कापून टाकायचा आणि तशाच उतरत्या तोंडाचा नवा तुकडा त्यावर बसवायचा. सरळ काटकोनात जोडलेला तुकडा पहिल्या धक्क्याला सुटतो, कारण तेथे तंतूंची नुसती टोके टोकांना भिडतात आणि टोकांवर सरस धरत नाही. उतार जाडीच्या सहा-आठ पट लांब ठेवला की दोन्हीकडच्या तंतूंच्या बाजू एकमेकींवर निजतात आणि सांधा टिकतो. घराच्या तुळईचा आणि गाडीच्या दांडीचा तुकडा जोडताना सुतार हेच करतो. बंदुकीत फरक इतकाच की उतार बोटाच्या जाडीवर साधायचा असतो.

पूर्ण नवा दस्ता हे मात्र वेगळ्या प्रतीचे काम आहे, आणि त्यात घाई करणाऱ्याची फजिती ठरलेली. आधी निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा सावलीत मुरलेले लाकूड हवे. मोडलेल्या दस्त्याचे सगळे तुकडे जवळ ठेवायचे, कारण माप तेच देतात. तुकडे नसतील तर मालकाचा हात माप होतो. कोपर वाकवून दस्त्याची टाच कोपराच्या आत टेकवली की तर्जनी चापावर सहज पोचली पाहिजे. ओंडका करवतीने जाडसर कापायचा, पण बाहेरचा आकार मुळीच पुरा करायचा नाही. पहिले काम नळीचे. पन्हळ कोरताना नळीच्या बुडापासून सुरुवात करून तोंडाकडे जायचे. नळीला दिव्याची काजळी आणि तेल फासून ती पन्हळीत दाबायची आणि उचलायची. जेथे काळा ठसा उमटला तेथे लाकूड उंच आहे, तेवढेच पटाशीने खरवडायचे. पुन्हा काजळी, पुन्हा ठसा. शे-दीडशे वेळा हे झाल्यावर बूड आणि शेपटीचा भाग लाकडाला सर्वांगाने टेकतो. मागच्या भिंतीवर ठसा एकसारखा काळा उमटला की धक्का घेणारी जागा तयार झाली. शेपटीच्या अगदी टोकामागे मात्र कागदाच्या जाडीची फट ठेवायची, म्हणजे तिने पाचरीचे काम करू नये.

मग यंत्राची पट्टी. प्रत्येक कमान आणि प्रत्येक पेचाचे डोके यांना स्वतःची खोली लागते. गरजेपेक्षा एक रतिभरही लाकूड जास्त काढले की मान तेवढी दुबळी झाली. कच्च्या कारागिराची बंदूक येथे ओळखू येते, कारण तो यंत्र आत मावावे म्हणून सबंध पोकळी उकरून ठेवतो. चापाचे भोक आणि शेपटीचा पेच शेवटी. पेचाचे भोक वरून आणि खालून दोन्हीकडून थोडे थोडे पाडत नेले तर मधोमध मिळते. एका दमात पाडले तर सामता रेषेबरोबर सरकतो आणि पेच वाकडा उतरतो. सगळे लोखंड बसल्यावरच बाहेरचे लाकूड वाकसाने, रंध्याने आणि कानशीने उतरवायचे. शेवटी काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडून, ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू पुन्हा घासायचे. तेल जवसाचे. जवस खानदेशात पिकतो आणि त्याचे तेल हवेत सुकून कातडीसारखा थर धरते, म्हणून ते गोडेतेलाहून वेगळे. एक दिवसाआड दोन-चार थेंब घेऊन तळहाताने लाकूड गरम होईपर्यंत चोळायचे. असे महिनाभर चालले की रेषा आतून उजळलेल्या दिसतात. एकदम भरपूर तेल ओतणाऱ्याचा दस्ता मात्र वर्षभर चिकट राहतो.

इंग्रजी फौजेत चकमक जाऊन टोपी आली ती १८४०च्या दशकात. जुन्या बंदुकांचे रूपांतर झाले तेव्हा लाकडालाही ठिगळ लागले. रंजकाची वाटी आणि पोलादी झाकण काढल्यावर दस्त्यात उघडी राहिलेली खाच लाकडाचा तुकडा बसवून भरावी लागे. यंत्राच्या वरच्या कडेला नखाएवढे वेगळ्या रंगाचे लाकूड दिसले तर ती बंदूक मुळात चकमकीची. १८५३ सालची एन्फील्ड रायफल तोंडाकडून भरण्याच्या बंदुकांतली शेवटची मोठी. नळीला आतून तीन पिळदार आटे, आणि नळी धरायला खुंट्यांऐवजी तीन लोखंडी पट्टे. पट्ट्यांची ही रीत देशी तोड्याच्या बंदुकीच्या बंधांच्या जवळची, आणि दुरुस्तीला कितीतरी सोपी.

१८५७च्या उठावानंतर पारोळ्याची जहागीर सरकारजमा झाली आणि कोटाचा बंदोबस्त मोडला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला इंग्रजांशी जे लढले त्यांत भिल्लांच्या तिरकमठ्यांबरोबर मकरानी आणि अरबांच्या बंदुका होत्या. त्यानंतर शस्त्रे गोळा करण्याची मोहीम आली आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा झाला. उरल्या त्या शेतराखणीच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका. रानडुक्कर आणि हरणांपासून पीक वाचवायला शेतकऱ्याला काडतुसाची महाग बंदूक परवडत नसे, म्हणून काडतुसांच्या काळातही ठासणीचीच चालू राहिली. दस्त्याची डागडुजीही तितकीच वर्षे टिकली. पण कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागू लागल्यावर गावच्या सुताराच्या ओट्यावरून हे काम शहरातल्या परवानाधारक दुकानात गेले. आजही १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. जुनाट बनावटीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले हत्यार, दुरुस्त करूनही जे बंदूक म्हणून चालू शकणार नाही, ते मात्र कलम ४५ने या कायद्यातून वगळले आहे. घरात सापडलेली बंदूक त्यात बसते की नाही हे ठरवणे पोलीस ठाण्याचे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेचे काम आहे. माळ्यावरच्या अशा बंदुकीच्या नळीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. गज आत सोडून त्याची खोली बाहेरून नळीवर ताडून पाहिली की ते कळते. बार असेल तर लाकडाला हात लावण्याआधी तो जाणकाराकडून काढून घ्यावा लागतो.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात उभे राहिले की लोखंडावरचे सोन्याचे काम डोळ्यांत भरते. दस्त्यांकडे पाहायचे तर वाकून पाहावे लागते. जतन करणाऱ्यांची आजची रीत जुन्या सुताराच्या रीतीपासून फार दूर नाही. सरस अजून वापरतात, कारण कोमट पाण्याने तो सुटतो आणि चुकलेले काम उलटवता येते. इपॉक्सी एकदा लागले की लाकूडच सोबत घेऊन सुटते. दबलेल्या जागी ओले फडके ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की तंतू वाफेने फुगून वर येतात, लाकूड खरवडावे लागत नाही. नवा दस्ता करून जुना फेकणे हे यांतले सर्वांत वाईट काम. बंदूक पुन्हा उडवायची नसेल तर मोडक्या मानेला आतून आधार देणे पुरते, आणि कातड्याची जुनी वादी असेल तर ती काढायची नाही. तिचे वेढे, शिवणीचे टाके आणि चुकांची नागमोडी रांग हा त्या कारागिराचा एकमेव दस्तऐवज असतो.

असा दस्ता तपासण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी टाचेकडे, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी काढून आतले कच्चे लाकूड पाहायचे. तेथे तेल आणि धूळ पोचलेली नसते, म्हणून अक्रोड, शिसव की बाभूळ हे रंगावरून आणि छिद्रांवरून तेथेच कळते. मग नळी उचलून पन्हळीच्या तळाशी काजळीचा डाग आहे का ते पाहायचे. पटाशीचे घाव रुंद आणि एकसारखे असतील तर काम मोठ्या कारखान्याचे, अरुंद आणि वेगवेगळ्या दिशांचे असतील तर एकट्या माणसाचे. शेवटी यंत्राच्या खोलीत. शिसवाच्या दस्त्यात इंग्रजी यंत्र नेमके बसलेले असेल आणि मागच्या भिंतीवर नळीच्या बुडाचा काळा ठसा अजून शाबूत असेल, तर मूळ अक्रोड गेल्यावर ते लाकूड सातपुड्याच्या अंगाला कोणा सुताराने बसवले आहे, आणि काजळी पुसण्याची गरज त्याला वाटली नाही.